इंजिनाचा तडा

कारंज्याच्या गॅरेजात आमच्या सेकंडहँड अँबॅसेडरचं इंजिन खोलून ठेवलं होतं आणि मला एका जागी बसवत नव्हतं. आदल्या दुपारी गाडी तापली, तेव्हा "तासभर हात लावू नको" असं बजावून नवरा ढाब्यावरच्या बाजेवर आडवा झाला होता. मला कुठला धीर! रांजणातलं थंडगार पाणी मी तशाच तापल्या रेडिएटरात ओतलं. इंजिनाला तडा गेला.

मिस्त्री म्हणाला, वेल्डिंग करून पाहू, नाहीतर दुसरं जुनं इंजिन बसवू.

"दुरुस्त होते तं दुसरं काऊन?" नवऱ्याचा सवाल.

"सांधलेल्याचा काय भरवसा? दुसरंच बसवा!" मी उसळले. रस्त्यापर्यंत जायची, ट्रक बघायची, परत येऊन तेच ओरडायची. तडा कशानं गेला, हे नवऱ्यानं अजून विचारलं नव्हतं. त्याआधी ते इंजिन एकदाचं भंगारात जावं, एवढंच मला हवं होतं.

शेवटी कंटाळून तो हो म्हणाला. दुसरं इंजिन बसलं. निघताना मिस्त्री माझ्या खिडकीशी वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेले गाडी थंडी होऊ देजा, मंग पानी टाकजा."