हशासाठी सोडलेली जागा

"भाऊजी, हे गेले. झोपेतच, शांतपणे," फोनवर शैलावहिनी म्हणाल्या आणि मला आधी हायसं वाटलं. नळ्या-सुयांना विनू फार कंटाळला होता. रडू नंतर आलं...

विनू आमच्या कोपरीच्या चाळीतला. लोकांना तो सिनेमांचा दिग्दर्शक म्हणून माहीत, मी त्याच्या दूरदर्शनवरच्या मालिकेपासूनचा सोबती. मालिका लागली की स्वारी घरात थांबत नसे. चपला अडकवून चाळीच्या गॅलरीतून फिरायचा. सगळ्यांची दारं उघडी, सगळीकडे तेच चालू. कोण हसलं, कुठे नुसती भांडी वाजली, सगळं कान देऊन ऐकायचा. "जोशीकाकू हसल्या रे! म्हणजे जमलं." जोशीकाकू कशालाच हसत नसत.

नव्वदच्या दशकात त्याला मोठ्या बजेटचा सिनेमा मिळाला. मोठे नट, परदेशातली गाणी, आणि याला भलतीच धास्ती. "अरे, घरात चार माणसं हसतात नि गप्प होतात. थिएटर हसलं तर पुढचं वाक्य बुडालं ना!" रुसून घर सोडलेल्या मुलाला बाप स्टेशनवर गाठतो, काहीतरी विनोदी बोलतो, आणि मग म्हणतो, "चल घरी. आई जेवायची थांबलीय." सिनेमा त्या वाक्यावर उभा होता. म्हणून विनूने विनोद आणि वाक्याच्या मध्ये, हशा ओसरेपर्यंत, बापाला सावकाश चष्मा पुसायला लावला. निर्माता वैतागला, "सीन झोपतोय, कापा." विनू हटला नाही. पण लोक हसलेच नाहीत, तर ती शांतता त्याला खाणार होती. पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

ठाण्यात पहिल्या खेळाला मी आत, हा बाहेर दाराला कान लावून. डोअरकीपरने हटकलं तर म्हणे, "पिक्चर माझा आहे." "हो का? मग थिएटर माझं. चला, बाजूला व्हा."

थिएटर कोसळलं हसून. बाप चष्मा पुसत राहिला. हशा ओसरला आणि वाक्य स्वच्छ ऐकू आलं. मी धावत बाहेर आलो, तर हा पायरीवर बसून रडत होता. "सुटलो रे... चहा पाज आता."

विनूची आठवण म्हणून परवाच्या रविवारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी आता डोंबिवलीत, घरात एकटाच होतो. तो प्रसंग आला, पण मला हसू येईना. बाप चष्मा पुसू लागला आणि ती शांतता सोसवेना. चपला अडकवून गॅलरीत आलो. खालच्या मजल्यावर कोणीतरी खो खो हसत होतं. समोरच्या इमारतीतही. मग हळूहळू सगळे गप्प झाले, आणि साऱ्या खिडक्यांतून बाप एकदम म्हणाला, "चल घरी. आई जेवायची थांबलीय."