पाणी घातलेला पांढरा

टीव्हीवर काय चाललंय ते ज्योतीराम बोऱ्हाडे कधी बघत नसे. पांढरा पडदा कसा दिसतो, तेवढं बघायचा त्याला पगार मिळायचा. चाकणच्या कंपनीत लाइनवरनं टीव्ही येणार, पडदाभर पांढरा लागणार आणि स्टुलावर बसलेला ज्योतीराम एका नजरेत सांगणार, हा जाऊ द्या, हा ठेवा.

त्याआधी वीस वर्षं त्यानं मोशीच्या डेअरीवर दूध पारखून घेतलं. म्हशी गेल्या, रानात बिल्डिंगा उठल्या, नजर तेवढी शाबूत राहिली. म्हणून कंपनीतही त्याची भाषा दुधाचीच. पिवळसर टीव्ही म्हणजे ‘गाईचा’, झकास तो ‘म्हशीचा’. अन् निळसर झाक मारली की नाक मुरडून म्हणायचा, “ह्यात पाणी हाय.”

यंदा कंपनीनं मीटर आणला. मुठीएवढं यंत्र, पुढं काचेचा डोळा. पडद्यासमोर धरलं की रंग मोजायचं आणि कमीजास्त असेल तर टीव्हीकडनं आपसूक सुधारून घ्यायचं. रंगतपासणीच्या इंजिनीअर ऋता मॅडम. पोरसवदा, पण बोलणं रोखठोक.

“काका, महिनाभर तुम्ही दोघंही तपासा. मीटर एकदाही चुकला नाही, तर एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगला.”

पॅकिंगला म्हणजे दिवसभर खोकी चिकटवायची. तिथला बुद्धभूषण रोज डबा खाताना डिवचायचा, “या राव, तुमच्या वाटणीची चिकटपट्टी राखून ठेवलीया.”

तशात खंडेनवमी आली. मशिनं धुतली-पुसली, झेंडूच्या माळा चढल्या. मीटरशी ज्योतीरामचं वाकडं होतं, पण सणादिवशी वैर कसलं? त्यानं मीटरलाही हळदकुंकू वाहिलं, वर पेढा ठेवला.

दसऱ्याची सुट्टी संपली, लाइन चालू झाली. पहिलाच टीव्ही बघून ज्योतीराम म्हणाला, “पाणी हाय.” मीटर म्हणाला, पास. दुसरा टीव्ही, पाणी. मीटरचा पास. दुपारपर्यंत चाळीस टीव्ही खोक्यात गेले तरी ज्योतीरामची कटकट थांबेना.

“मॅडम, सगळ्या किटल्यांत पाणी घातलंय बघा कुणीतरी!”

“मला तर पांढराच दिसतोय, काका.”

“सुट्टीआधीचा एक आणा अन् ठेवा की शेजारी.”

ठेवला. शेजारी येताच नवा टीव्ही निळाभोर दिसायला लागला. मॅडमचा चेहरा उतरला. मीटर विकणाऱ्याला झापायला त्या फोन घेऊन बाजूला गेल्या.

बुद्धभूषण पळत आला. “जिंकलात की हो!”

“मग काय तर!” ज्योतीराम मीटरपुढं वाकला. “आता बोल की रं भाड्या.”

आणि तसाच वाकलेला राहिला. काचेवर त्याच्याच बोटाचा पिवळा ठसा होता. हळद सुकून पातळ पसरलेली. त्या पिवळ्या काचेतनं मीटरला समोरचा प्रत्येक टीव्ही पिवळा दिसत होता, आणि बिचारा सकाळपासनं एकेकात निळा ओतत सुटला होता.

“पुसून टाका,” बुद्धभूषण कुजबुजला. “कुणी बघितलं न्हाई. खुर्ची तुमची.”

ज्योतीरामनं खिशातनं रुमाल काढला. दोनदा घडी घातली, दोनदा मोडली. दुधात पाणी घालून साळसूदपणे उभ्या राहणाऱ्यांना त्यानं वीस वर्षं चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. रुमाल खिशात गेला.

“मॅडम, फोन ठेवा. त्या माणसाचा दोष न्हाई. मी हळद लावली मीटरला.”

“कुठं लावली?”

“डोळ्यात.”

ऋता मॅडमनी रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमला नाही. हसता हसता खालीच बसल्या. मग काच पुसून सगळं पुन्हा मोजलं. मीटर आणि ज्योतीराम यांचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं.

“त्याच्या डोळ्यात काय गेलंय ते त्याला कळलं नाही,” मॅडम म्हणाल्या, “अन् मलाही नाही. पॅकिंगचं विसरा, काका. तुम्ही इथंच बसायचं.”

रिपोर्टात कारण लिहायचं होतं. मॅडमनी लिहिलं, ‘काचेवर बाहेरचा पदार्थ’. ज्योतीरामनं कागद वाचला आणि परत सरकवला.

“बाहेरचा कसला? आमच्या घरची हळद हाय ती, कारभारणीनं कुटलेली. हळद लिहा. अन् लावणाऱ्याचं नाव बी लिहा.”

मॅडमनी दोन्ही लिहिलं. तिकडं बुद्धभूषण चाळीस खोकी परत फोडत ज्योतीरामच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. ज्योतीरामनं बाह्या सारल्या आणि एकेचाळिसावी शिवी पडायच्या आत त्याच्या मदतीला गेला.