वायरीवरचा टॉवेल

समोरच्या इमारतीतून इंटरनेटची काळी वायर आमच्या गच्चीवरून घरांत आली आहे. शेजारच्या सुलूकाकू तिच्यावर खुशाल टॉवेल वाळत घालतात. काल सकाळी त्या गच्चीतच कॅनडातल्या लेकाशी, मिलिंदशी, बोलत होत्या. फोनवरचा त्याचा चेहरा मध्येच थिजला, उघडं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बाई, ओला टॉवेल! जड झाला असणार," म्हणत काकूंनी तो ओढून काढला. आणि मिलिंद खरंच बोलू लागला!

मला हसू फुटलं, पण मग मी त्या वायरीकडे बघतच राहिले. या मुलाचं बोलणं उजेड होऊन केसाएवढ्या काचेच्या तंतूंतून समुद्राच्या तळाने येतं. वरून मासे पोहत असतात, त्यांना पत्ताही नसतो. शेवटी आमच्या आंब्याच्या फांदीला घासून ते काकूंच्या हातात पोचतं. इतक्या लांबून येणाऱ्याची वाट मोकळी करावीशी वाटली, तर काकूंचं काय चुकलं?

तेवढ्यात एक बुलबुल वायरीवर येऊन बसला. मीच त्याला हुसकवायला हात उचलला.

"बसू दे गं, हलका आहे तो," काकू म्हणाल्या.

बुलबुलाने गळा मोकळा केला, तसा फोनमधून मिलिंद म्हणाला, "आई, जरा गप्प बस ना. बुलबुल आहे का तो?"