अठ्ठेचाळीस की चौऱ्याऐंशी

कुणी आकडा सांगू लागलं की अक्का डावा तळहात वर करायच्या. चौकातला पोलीस गाड्या थांबवतो, तसा. मग म्हणायच्या, "सत्तावीस नको. दोन, सात. एकेक अंक सांगा." आपण मुकाट दोन, सात म्हणायचं. त्या लिहून घेणार, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणार आणि आपण मान हलवेपर्यंत पुढे सरकणार नाहीत. मग तो फोन नंबर असो, ट्रकचं वजन असो, नाहीतर घरी न्यायच्या दुधाच्या पिशव्या असोत.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याची सवय आपल्याला आधी विचित्र वाटते, मग तिची चेष्टा सुरू होते, आणि ते माणूस गेल्यावर आपल्याच हाताला ती सवय लागलेली असते. मी अक्कांची चेष्टा भरपूर केली आहे. चहाच्या वेळी तळहात वर करून त्यांची नक्कलसुद्धा करायचो. त्या स्वतःच सगळ्यात जास्त हसायच्या, म्हणून मला वाटायचं की चाललंय ते बरं चाललंय.

आमची कंपनी म्हैसूरला, मेटगळ्ळीत. खाली लोखंडकामाचं वर्कशॉप, वर पत्र्याखाली आम्ही सहा माणसं. ट्रक तोलायचे मोठे वजनकाटे आणि टाक्या मोजायची यंत्रं, यांचे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. मी सोलापूरहून गणितात एम.एस्सी. करून आलेलो, विद्यापीठात दुसरा. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकली. अक्कांनी त्याच दिवसापासून मला 'मास्तर' करून टाकलं, आणि पोराच्या वयाचा असूनही वर अहो-जाहो.

त्या नजरबादेत राहायच्या, म्हाताऱ्या आईबरोबर. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आलेले मराठे. घरात मराठी बोलणं अजून टिकून होतं, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिले पंधरा दिवस मी नुसता हसून वेळ मारून नेत होतो. गणिताला त्या 'लेक्क' म्हणायच्या. 'मग' म्हणायचं असलं की 'आमेले', आणि 'नाहीतर' म्हणायचं असलं की 'इल्लांद्रे'. या शेवटच्या दोन शब्दांनी मला काय छळलंय म्हणता!

माझा पहिला प्रोग्रॅम वजनकाट्याचा होता. भरलेला ट्रक काट्यावर येतो, त्याचं वजन घेतलं जातं, माल उतरतो, रिकामा ट्रक पुन्हा तोलला जातो, वजाबाकी झाली की पावती. मी त्यात काट्याची थरथर काढून टाकायचं एक सुरेख सूत्र घातलं होतं. अक्कांनी खुर्ची ओढून घेतली आणि सूत्राकडे ढुंकूनही न बघता विचारलं, ट्रक आला, आमेले? वजन घेतलं, म्हणालो. आमेले? माल उतरवला. आमेले? रिकामा ट्रक परत आला. "इल्लांद्रे?" त्या म्हणाल्या. म्हणजे नाही आला तर? दुसऱ्याच फाटकानं निघून गेला तर? दोन ट्रक एकामागून एक चढले तर? येताना ड्रायव्हर आत बसलेला होता आणि जाताना बिडी ओढायला खाली उतरला, तर तेवढा अख्खा माणूस मालात धरायचा का? यातलं एकही मी प्रोग्रॅममध्ये धरलं नव्हतं. सूत्र मात्र सुरेख होतं.

तो प्रोग्रॅम मी चार वेळा लिहिला. तरीही माझा हेका होता की ज्याचं गणित कच्चं त्यानं प्रोग्रॅमिंगच्या वाटेला जाऊ नये. हे मी चहाच्या वेळी वारंवार ऐकवायचो. अक्का कॉफी बशीत ओतून शांतपणे प्यायच्या. त्यांनी कधी वाद घातला नाही, आणि मला ते माझ्या म्हणण्याला दिलेली संमती वाटायची. वयच तसं होतं, आणि अक्कलही.

गणित लागतच नाही, असंही त्या म्हणत नसत. एका गिऱ्हाइकाची तेलाची टाकी होती, आडवी ठेवलेली, पिंपासारखी गोल. तेल किती उंच आहे ते यंत्र सांगायचं, त्यावरून लिटर काढायचे होते. पाव उंची म्हणजे पाव टाकी, असं आमच्यातल्या एकानं लिहून मोकळं केलं. अक्कांना ते पटेना. त्यांनी खालून ग्रीसचा रिकामा गोल डबा आणला, आडवा केला, बाजूला भोक पाडलं आणि पेल्यानं पाणी मोजून ओतत बसल्या. पाव उंचीला पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरलं. ओला पदर पिळत त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, इथं तुमचं लेक्क पाहिजे. मला येत नाही."

मी दहा मिनिटांत सूत्र काढून दिलं आणि दिवसभर फुशारकी मारली. ते सूत्र लागणार आहे हे ओळखायला डबाभर पाणी ओतावं लागलं, आणि ते ओतायचं मला सुचलं नव्हतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

मग म्हैसूरजवळच्या बन्नूरची एक मुलगी आली. आम्हाला एक नवा प्रोग्रॅमर हवा होता. साहेब म्हणजे आमचे मालक, कन्नड माणूस, शिस्तीचे. त्यांनी मला सांगितलं की आधी तोंडी गणिताची परीक्षा घ्या, इंग्रजीत, सगळ्यांना सारखी. पाचपैकी तीन बरोबर आली तरच पुढे पाठवा. पेपर काढणारा मी, घेणारा मी, तपासणारा मी. माझा आनंद विचारू नका.

ती सकाळच्या बसनं आली होती. घामेजलेली, फाइल छातीशी धरलेली. आडनावावरून मी विचारलं, घरी मराठी बोलता का? ती हो म्हणाली. झालं! कित्येक महिन्यांत मला आपल्या भाषेचं नवं माणूस भेटलं नव्हतं. मी इंग्रजी सोडलं आणि मराठीत सुरू झालो. अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट आणि सत्तावीस, बेरीज किती? तिनं भराभर कागदावर लिहिलं, उत्तर काढलं, एकशे ब्याण्णव. पाचही उत्तरं अशीच. पाचपैकी शून्य. मला वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायला निघालो.

वाटेत अक्कांनी कागद मागितला. त्या पार्टिशनच्या पलीकडेच बसायच्या. मग एकेका आकड्यावर बोट ठेवून स्वतःशीच पुटपुटल्या आणि एकदम उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग. ती मुलगी बाहेर बाकावर बसली होती. पुढची बस कितीला आहे, ते ती शिपायाला विचारत होती.

अक्कांनी साहेबांना समजावलं ते कन्नडमध्ये, पण मला कळलं. कन्नडमध्ये आधी चाळीस म्हणतात, मग आठ. मराठीत आधी आठ, मग चाळीस. ही पोरगी शाळेत कन्नड शिकली. आधी ऐकू येतं ते आधी लिहायचं, हीच तिच्या हाताची सवय. म्हणून अठ्ठेचाळीसचे तिनं चौऱ्याऐंशी लिहिले, त्रेसष्टचे छत्तीस, सत्तावीसचे बहात्तर. त्यांची बेरीज करून बघा, एकशे ब्याण्णवच येते. पाचही उत्तरं तिनं लिहिलेल्या आकड्यांना बरोबर आहेत.

साहेबांनी विचारलं, तुम्हाला हे कसं कळलं? परीक्षा तर इंग्रजीत होती.

परीक्षा इंग्रजीत नव्हती. अक्का पार्टिशनपलीकडे होत्या, त्यांनी शब्दन् शब्द ऐकला असणार. त्यांनी एकदा माझ्याकडे बोट केलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"आकडा कुठल्याही भाषेत ऐकला तरी ती मनात मराठीत मोजते," अक्का म्हणाल्या. "मीपण तशीच मोजत होते. म्हणून दहावीला लेक्कात दोनदा नापास झाले. नंतर बसलेच नाही."

वीस वर्षं ज्यांच्या प्रोग्रॅमवर निम्म्या जिल्ह्याचे वजनकाटे चालत होते, त्या बाई दहावी नापास. त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या आणि पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या. कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शाळेत उलटे आकडे लिहिले म्हणून हातावर छड्या खाल्लेल्या मुलीनं पुढे आयुष्यभर कुठल्याच आकड्यावर दोनदा बघितल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. आणि मी चहाच्या वेळी तिची नक्कल करत होतो.

मी बोलायला हवं होतं. नुसतं एवढंच, की साहेब, मी मराठीत विचारलं, चूक माझी. मी बोललो नाही. का, ते आता सांगतो. विभागप्रमुखाची जागा त्या महिन्यात भरायची होती. ती अक्कांनाच मिळणार हे ठरल्यातच जमा होतं, आणि मीही तिच्यावर डोळा ठेवून होतो.

त्या मुलीची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी अक्कांनी घेतली. बन्नूरहून निघालेल्या माणसाला म्हैसूरला कसं पोचवायचं ते पायरी पायरीनं लिही, बस चुकली तर काय तेही लिही, म्हणाल्या. तिनं तीन पानं लिहिली. बस मिळाली नाही तर उसाच्या ट्रॅक्टरवर कुठवर बसायचं आणि तोही वाटेत बंद पडला तर काय, इथपर्यंत. साहेबांनी तिला घेतलं.

विभागप्रमुख मात्र मी झालो. वजनकाट्याच्या दाखल्यांवर सही करणारं माणूस गणितात नापास कसं चालेल, असं साहेबांचं म्हणणं. अक्कांनी दुसऱ्या दिवशी नजरबादेहून म्हैसूरपाक आणला आणि सगळ्यांना वाटला. मला दोन तुकडे दिले. मी ते खाल्लेसुद्धा.

पुढं चार वर्षं त्या माझ्या हाताखाली होत्या. हाताखाली म्हणायचं आपलं. काही अडलं की मीच उठून त्यांच्याकडे जायचो. मग निवृत्त झाल्या, आणि दोन वर्षांत गेल्या. या चार अधिक दोन वर्षांत मी त्यांना ती एक गोष्ट कितीदा सांगायला निघालो आणि भलतंच काहीतरी बोलून परत आलो, ते विचारू नका. मला बरं वाटावं म्हणून मी मनाशी धरून चाललो होतो की त्यांनी पार्टिशनपलीकडून ऐकलंच नसेल.

तेराव्याला नजरबादेतल्या घरी गेलो. बन्नूरची मुलगी आलेली होती. ती आता दोन मुलांची आई आणि आमच्याकडची सगळ्यात भरवशाची प्रोग्रॅमर. पंगत उठल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. ती म्हणाली, पहिल्या वर्षी दर शनिवारी अक्का तिला स्टँडवर सोडायला यायच्या, आणि बस येईपर्यंत दोघी मराठी आकडे पाठ करायच्या. एकोणऐंशीला दोघींची गाडी अडायची. मी हसलो. म्हटलं, कशाला? ऑफिसात तर सगळं इंग्रजीत.

"तुमच्यासाठी, सर," ती म्हणाली. "अक्का म्हणाल्या, मास्तर आपुलकीनं मराठीत बोलले ना. पुन्हा कधी बोलले तर आपण चुकायला नको. आणि त्या दिवशी मराठीत विचारलं ते कुणाला सांगू नकोस, म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तेही थकलेत आता, कानानं कमी ऐकू येतं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. परीक्षा मी मराठीत घेतली होती. आकडे उलटले ते माझ्यामुळं. अक्कांना माहीत होतं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे अक्कांनी दहावीचं सांगायची काही गरजच नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती," मी म्हणालो.