दगडूला मीठ चालत नाही

आमच्या रविवारच्या टेबलावर किस्से साचत जातात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण बाहेरचं कुणी चहाला आलं की एकेक निघायला लागतो आणि पाहुण्याचा चहा गार होतो.

आधी खेळ काय ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही पत्ते कुटतो. मुरबाडला संदीपच्या सिमेंटच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे दुपारी आम्ही चौघं बसतो. मी गोष्ट सांगतो : जंगल, किल्ला, दरोडेखोर. बाकीचे तिघं त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि काय करायचं ते बोलतात. वार लागला की हुकला, ते फासा ठरवतो. आणि पात्र मेलं की मेलं! पुढच्या रविवारी उठून बसत नाही.

तिघं म्हणजे संदीप, धसईची प्रणाली आणि खर्डीच्या पलीकडच्या पाड्यावरून बाईकवर येणारा दत्तू.

एक नियम आहे. पात्राला मोठी ताकद हवी असेल, तर बदल्यात एक कमजोरी घ्यायची. सगळे किस्से तिथूनच निघतात.

* * *

संदीपचा तिरंदाज. नेम सहसा चुकत नाही, पण साप दिसला की हातपाय गळतात. हे त्यानंच मागून घेतलं होतं.

ऐन लढाईत मी म्हणालो, "झाडावरून साप उतरला."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? साप!"

"रंग सांग. लांब किती?"

मी आपलं सांगितलं, पिवळसर, चांगला लांब.

"हात्तिच्या! धामण हाय ती! धामणीला कोण घाबरतो रे अव्या? आमच्या गोदामात येते, उंदीर खाते, जाते."

पुढच्या वेळी मी फणा काढलेला नागच आणला. संदीपनं हात जोडले. "नागपंचमी जवळ आलीय. तिरंदाजाच्या मनात सध्या भक्ती हाय, भीती नाय!"

* * *

दत्तूचा दगडू. अंग दगडाचं. त्याला तलवार मारली तर तलवारच बोथट होते. कमजोरी मीठ. अंगाला मीठ लागलं की दगड विरघळतो.

"मीठच का रे?" संदीपनं विचारलं. "आग घे, विष घे. मीठ काय?"

दत्तू फासा हातात फिरवत होता. "आमचे बाबा मिठागरावर जायचे ना कामाला. परत आले की आमी त्यांचे पाय बघायचो. बाबांना कोण हरवू नाय शकला कधी. पण पाय मिठानं खाल्ले."

संदीप उठला आणि चहा सांगायला खाली गेला.

ते बाबा आता पाड्यावरच असतात. त्यांना खेळ काही कळत नाही. पण रविवारी दत्तू घरी पोचला की दारातच विचारतात, "दगडू हाय का अजून?"

* * *

इतकं माहीत असून मी काय करावं? सुरुवातीला मला वाटायचं, कमजोरी दिलीय ती वापरायलाच हवी. पहिल्याच लढाईत दरोडेखोरांनी दगडूवर मीठ फेकलं. दुसऱ्या लढाईत दुसऱ्या टोळीनं फेकलं. तिसऱ्या टोळीनंही खिशात हात घातला, तेव्हा प्रणाली उखडली.

"दादा, हे दरोडे घालायला निघालेत की भाजी करायला? सगळ्यांच्या खिशात मीठ!"

"त्यांना कळलं असेल."

"कोणी सांगितलं? आधीच्या टोळीतला एक तरी जिता सोडला होता का आपण?"

नव्हता सोडला. दत्तूनं मात्र एकदाही तक्रार केली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. बदल्यात मिळालेली ताकद वापरायला त्याला एकदाही मिळाली नव्हती. मी कमजोरीची शिक्षा करून ठेवली होती.

* * *

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. महिनोन् महिने मीठ नाही. दगडू नुसता सुटलेला. कधी गोष्टीत मीठ टाळता आलंच नाही, तर मी फासा तळहाताआड टाकायचो आणि बघून म्हणायचो, "हुकला."

एकदा गोष्टीत जहाज फुटलं. दगडू पाण्यात पडला. मी म्हणालो, "पोहत पोहत किनाऱ्याला लागलास."

प्रणालीनं सुस्कारा सोडला. संदीपनं टाळी वाजवली. दत्तू मात्र माझ्याकडे बघत राहिला.

"दादा, समुद्र खारा असतो."

खरं सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आम्ही डोंगराकडची माणसं, पाणी म्हटलं की आमच्यापुढे विहीर येते.

"जाऊ दे रे," संदीप म्हणाला. "वाचलास ना? आपल्या तोंडानं कशाला सांगतो!"

"जाऊ दे कसं? मी मीठ घेतलंय ना, मग मला लागाया पायजे. तू हात आड धरून फासा टाकतोस, मला दिसतं दादा. उघडा टाक."

मी उघडा टाकला. दगडूचा डावा हात गेला. दत्तूनं मान डोलावली आणि दगडू उजव्या हातानं पोहायला लागला.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात तेच घोळत होतं. मला वाटत होतं, मी त्याच्यावर दया करतोय. त्याला दया नकोच होती. त्यानं जे मागून घेतलं होतं ते खरं ठरावं, एवढंच त्याला हवं होतं.

* * *

तेव्हापासून प्रणालीनं घातलेला कायदा चालतो : शत्रूला तेवढंच माहीत, जेवढं त्यानं पाहिलं किंवा ऐकलं.

कायद्याचा पहिला फटका तिलाच बसला. तिचं पात्र वैदूबाई, जखमा बांधणारी. एका जखमी दरोडेखोराला तिनं पाणी पाजून सोडून दिलं. त्यानं दगडूला समुद्रातून विरघळलेल्या हातानं बाहेर येताना पाहिलं होतं. पुढच्या खिंडीत त्याची माणसं मिठाची पोती घेऊन उभी!

प्रणालीचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं रे."

दत्तू खुशीत होता. "आता बरोबर! आता लागलं तर लागलं." कसाबसा वाचला तो त्या खिंडीतून.

* * *

गेल्या पावसाळ्यानंतर दत्तूला चाकणला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी येताना त्यानं सगळ्यांना भजी आणली आणि बसल्या बसल्या सांगितलं, "आज दगडूला जिता ठेवून जायचाय. सुट्टीला आलो की परत बसेन. बाबांना पण तसंच सांगून आलोय."

लढाई एका जुन्या कोठारात होती. आत सगळ्या भिंतींना मिठाची पोती रचलेली आहेत, हे मी दारातच सांगितलं होतं. दत्तू "चल" म्हणाला आणि आत शिरला. समोरचा सरदार परमुलखातला, दगडूबद्दल त्यानं काहीच ऐकलेलं नव्हतं. कायदा म्हणजे कायदा. मिठाशेजारी उभा राहून तो दगडूवर तलवार आपटत राहिला. माणसं संपली, तलवारीचे तुकडे झाले, दगडूला ओरखडा नाही. शेवटी तो चिडून वैदूबाईकडे धावला.

वैदूबाई जमिनीवर पडलेली. संदीपचे बाण संपलेले. दगडू मागे, कोठाराच्या दुसऱ्या टोकाला. तो धावला तरी पोचणार नव्हता, आणि पुढच्या वारात ती मरणार हे टेबलावर सगळ्यांना कळत होतं. प्रणालीनं वैदूबाईची वही मिटायला घेतली.

"दादा," दत्तू म्हणाला, "मी इथून वरडलो तर त्याला ऐकू जाईल?"

"जाईल."

"नको रे दत्तू," प्रणाली म्हणाली. "तुझे बाबा विचारतील."

दत्तू खुर्चीवरून उठला. छाती भरून एवढ्या जोरात ओरडला, की खाली दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं.

"ए सरदार! तिला काय मारतोस? इकडं बघ! मला मीठ चालत नाय!"

सरदारानं वैदूबाईला सोडलं आणि पोत्यात हात घातला.

फासा माझ्या मुठीत होता. दुसरा हात आपोआप पुढे आला, आडोशाला. दत्तूनं तो धरून बाजूला केला.

"टाक दादा," तो म्हणाला. "उघडा टाक."