ओले कागद कोण बदलणार?

झाडीपट्टीच्या नाटकांत मी हयातभर आईच केली. एकदा माझ्या रडण्याची वाहवा झाली आणि मग नायिकेचं काम मला कुणी दिलंच नाही. म्हणून प्रेमलताचं अडकणं मला कळायचं.

प्रेमलता माझी शेजारीण. शहरातल्या सदर भागाजवळच्या एका कॉलेजातल्या वनस्पतिसंग्रहात कामाला. जंगलातून आलेली रोपं वर्तमानपत्रांत दाबून ठेवायची, ओले कागद काढून कोरडे घालायचे, वाळलेलं रोप जाड कागदावर चिकटवून खाली नोंद करायची: 'आमरी. नवेगावचं जंगल. मोहाच्या फांदीवर.' आमरी म्हणजे आपलं रानऑर्किड. अशा कितीतरी नोंदी तिच्या अक्षरात आहेत, पण फांदीवरची आमरी तिनं पाहिली नव्हती.

एकदा ती भाचीच्या लग्नाला उमरेडला गेली. मागे शिपाई कागद बदलायला विसरला, अख्खा गठ्ठा बुरशीनं काळा पडला. तेव्हापासून संग्रहाचे प्रमुख सर म्हणत, "प्रेमलताबाई, हे काम तुमच्याच हातचं." झालं! दर पावसाळ्यात सरांची आणि पोरांची जीप रोपं आणायला जंगलात जायची, ही मागे राहायची.

यंदा तिची निवृत्ती. म्हणजे ही शेवटची जीप.

"तू जा वं," मी म्हटलं. "कागद मी बदलते. बदली नटी समज."

"नाटक नाही हे, मावशी."

तरी जायच्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून आली आणि मला संग्रहात घेऊन गेली. मला शिकवायला तिनं एक गठ्ठा सोडला. आत मागच्या खेपेची एक आमरी चपटी पडलेली, आणि तिच्या बुडाशी कोवळा हिरवा कोंब!

"ही लवकर मरत नाही," प्रेमलता म्हणाली. "दाबण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवा लागते. पोरं विसरले. मीबी टाळून राहिली होती. बुडवा आता."

शेगडीवर पाण्याचं पातेलं खळखळत होतं. मी आमरी उचलली, पण हात पुढे जाईना.

"काहून थांबल्या? ही सडली तर बाकीच्या रोपाईलेबी घेऊन जाते."

बाहेर हॉर्न वाजला. सर दारात आले. "येताय ना, प्रेमलताबाई?"

तिनं पिशवीकडे पाहिलं. मग माझ्या हातातली आमरी घेतली आणि पाण्यात सोडली. कोंब क्षणात मलूल झाला.

"निघा तुम्ही, सर. मावशीच्यानं नाही होत."

जीपचा आवाज फाटकाबाहेर गेला आणि मला रडू फुटलं.

"सरका तिकडं," कोरडं वर्तमानपत्र पसरत ती म्हणाली. "कागद भिजवून राहिल्या तुम्ही."