छापखान्याला दिसलेलं खवले मांजर

वस्तीत तिला सगळे ‘छापखाना’ म्हणत. नाव ठेवलं होतं शाळेच्या मास्तरांनी. पोरगी आली त्या दिवसापासून कुणी दोन शब्द बोललं की लगेच वही काढून विचारायची, “हे छापू का?” दुसरं काय नाव ठेवणार!

वन्यजीव वाचवणाऱ्या एका संस्थेनं तिला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर जंगलातल्या या मूळच्या लोकांच्या वस्तीत पाठवलं होतं. काम एवढंच, की इथली माणसं आणि जनावरं यांच्याबद्दल लिहायचं, फोटो काढायचे आणि संस्थेच्या अंकासाठी पाठवायचे. मानधन नावापुरतं. “बिनपगारी, फुल अधिकारी,” असं तिचे वडील फोनवर चिडवायचे आणि मग हळूच विचारायचे, “पुढचं काही ठरलं का गं?” सहा महिने संपत आले होते आणि ठरलं काहीच नव्हतं.

अशात झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या कॅमेऱ्यात एक फोटो सापडला. खवले मांजराची मादी, आणि तिच्या शेपटीवर चिकटून बसलेलं पिल्लू. संस्थेला अकरा वर्षांत असा फोटो मिळाला नव्हता. ऑफिसातल्या ताईंचा ताबडतोब फोन आला, “पहिल्या पानावर घेऊ. तुला कायम करायचं मी वर बोलते. फक्त रविवारपर्यंत वस्तीचा होकार पाठव.” संस्थेचा नियमच होता, की इथलं काहीही छापायचं तर आधी इथल्या लोकांना वाचून दाखवायचं. छापखान्यानं लेख लिहिला आणि शाळेच्या एकुलत्या एका खोलीत सभा बोलावली.

चाळीसेक माणसं जमली. फोटो हातोहात फिरला. जागा ओळखू येऊ नये म्हणून तिनं तो चारही बाजूंनी कापला होता, जनावर आणि वीतभर माती एवढंच ठेवलं होतं. पहिल्याच बाकावरची बाई म्हणाली, “हे तर ओढ्यापलीकडचं. तांबडी माती संपते ना, तिथलं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. छापखाना चाट पडली, पण वाचायला लागली. “झुडपाआड श्वास रोखून आम्ही पाहत होतो...”

“वारा कुठला होता?”

प्रश्न आत्यांचा होता. सगळ्या वस्तीच्या त्या आत्या. दाराशी बसून तुटक्या चपलेला तारेचा टाका घालत होत्या, मानसुद्धा वर केली नव्हती.

“कसला वारा?” छापखान्यानं विचारलं, आणि खोलीत खसखस पिकली.

मास्तरांनी समजावलं. इथे कुणी जनावर पाहिल्याचं सांगितलं की पहिला प्रश्न वाऱ्याचा. खवले मांजराला दिसतं जेमतेम, त्याचा सगळा कारभार नाकावर. ज्याला वारा ठाऊक नाही त्याचा वास त्याला आधी लागतो, आणि मग बसा शोधत.

“म्हणजे तू नव्हतीस तिथं,” आत्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

छापखान्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नव्हते,” ती म्हणाली. “कॅमेऱ्यानं पाहिलं.”

“मग त्यालाच आणायचं होतंस सभेला!” कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. आत्या मात्र उठल्या, चप्पल पायात घालून पाहिली आणि म्हणाल्या, “उद्या दुपारी ये. साबण लावू नकोस. आणि तुझं ते यंत्र घरी ठेव, त्याच्या पट्ट्याला घामाचा वास आहे.”

दुसऱ्या दिवशी आत्यांनी तिला तीनदा बसवलं आणि तीनदा उठवलं. चिमूटभर माती हवेत सोडायच्या, ती कुठे पडते ते बघायच्या आणि निमूट जागा बदलायच्या. तिसऱ्यांदा छापखान्याच्या कपाळावर आठी आली. बसल्या बसल्या आत्या कुजबुजत होत्या. हे वारूळ तिनं परवा फोडलं. डाव्या पंजाचं नख झिजलंय, म्हणून ओरखडा आखूड. हे तिचं चौथं पिल्लू. “हिची आईसुद्धा मला माहीत होती,” त्या म्हणाल्या. छापखान्याला आपल्या शेजारच्या घरात कोण राहतं तेही धड सांगता आलं नसतं.

ऊन उतरलं आणि ती आली.

पाचोळ्यावरून कुणी हलकेच सूप ओढावं तसा आवाज. पिल्लू शेपटीवर पोटाशी पाय घेऊन बसलेलं, कोवळे खवले अजून फिकट. मादी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, नाक वर करून तिनं सगळ्या जंगलाची चौकशी केली आणि काही धोका नाही असं ठरवून आत्यांच्या पायापासून हातभर अंतरावर मुंग्या टिपू लागली. तोंडात एक दात नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अंगभर चिलखत घालून लेकराला फिरवणारा जीव! छापखान्याच्या अंगावर काटा आला. असं काही जगात आहे आणि आपण त्याच्या इतक्या जवळ बसलो आहोत, या विचारानंच तिचे डोळे वाहायला लागले.

“रड,” ती गेल्यावर आत्या म्हणाल्या. “नाक ओढलं नाहीस, ते बरं केलंस.”

रविवारी पुन्हा सभा. नवा लेख. आत्यांनी वारा विचारला. “तिच्याकडून आपल्याकडे,” छापखाना म्हणाली. “मध्ये तीनदा फिरला, म्हणून उठलो.” खोलीत पसंतीची कुजबुज झाली. तिच्या जिवात जीव आला.

“मग छापू ना?”

“आम्हाला काय विचारतेस?” आत्या म्हणाल्या. “ज्याला दिसली त्यानं तिला जपायचं. आता तुझा शब्द.”

चाळीस माणसं तिच्याकडे पाहत होती. खवल्यांसाठी खवले मांजरं मारून नेणारे लोक असतात, हे तिनं स्वतःच लेखात लिहिलं होतं. वीतभर मातीवरून जागा सांगणारे सगळे याच खोलीत बसले असतील, याची खात्री कोण देणार? फोटोशिवाय लेखाला पहिलं पान नव्हतं, आणि पहिल्या पानाशिवाय तिला नोकरी नव्हती. तिनं वही मिटली. मग तिथेच, सगळ्यांसमोर ताईंना फोन लावला.

“ताई, होकार नाही मिळाला.”

“अगं, असं कसं? कोण अडवतंय तिथं? मला नाव सांग, मी बोलते त्यांच्याशी.”

“बोला,” छापखाना म्हणाली. “मीच.”